रंगावलीकाठची फळी

आपण नदीवर वसलेलं गाव असं म्हणतो. गावात आलेली नदी असं कुणी म्हणत नाही. आधी नदी, मग गाव, हा क्रम आपल्या बोलीनं नीट जपला आहे. घरं बांधताना मात्र तो आपल्या लक्षात राहत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला त्याची आठवण रंगावली नदी करून देते.

नवापूर हे हद्दीवरचं शहर. १ मे १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि दोन राज्यांमधली रेषा इथल्या रेल्वे स्थानकातूनच गेली. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तरची कचेरी गुजरातेत! पुढे १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. कागदावरचे पत्ते बदलले, पण शेजार तोच राहिला. इथं मावची, अहिराणी, गुजराती, मराठी आणि हिंदी एकाच बाजारात बोलल्या जातात आणि भाव ठरवताना कुणाचं काही अडत नाही.

या भागात मोहल्ल्याला ‘फळी’ म्हणतात. गुजरातीतल्या ‘फळिया’चाच हा भाऊ. फळी म्हणजे काही घरांची नुसती ओळ नव्हे. कुणाच्या घरी म्हातारी अंथरुणाला खिळली आहे, कुणाची सून दिवस भरलेली आहे, कुणाचा मुलगा रात्रपाळीला गेला आहे, हे ज्यांना न विचारता ठाऊक असतं, त्या माणसांची ती फळी. खानदेशात श्रावणातली कानबाई नदीवर जाते, भाद्रपदात गणपती जातो. मिरवणूक कुणाचीही असो, पाणी पाजायला दारात कोण उभं आहे, यावरून वस्तीची तब्येत कळते.

अशा काठच्या वस्तीची परीक्षा पूर घेतो. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूर तालुक्यात अतिवृष्टी झाली. रंगावली आणि सरपणी या नद्या पात्र सोडून वाहिल्या. नवापूर शहरात काठच्या घरांमध्ये पाणी शिरलं. तालुक्यात माणसं दगावली, जनावरं वाहून गेली, घरं पडली, सुरत-नागपूर महामार्गावरची वाहतूक थांबली. तापीसारख्या लांबलचक नदीला फुगायला वेळ लागतो. तिला मिळणारी रंगावली डोंगरातून येते, तिचा पल्ला आखूड आणि उतार जास्त. वर ढग फुटला की काही तासांत पाणी दाराशी येतं. त्या वेळी सरकारी गाडीच्या आधी शेजारी पोहोचतो. कोणत्या घरातून कुणाला उचलून आणायचं आहे, हे फक्त त्यालाच माहीत असतं.

मग काठावर राहायचं तरी कशाला, असं शहाणी माणसं विचारतात. काठावर हौसेनं कोण जातं? जागा परवडते आणि काम जवळ असतं, म्हणून माणूस तिथं टिकतो. शासनानं नद्यांसाठी दोन पूररेषा ठरवल्या आहेत. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत घरं बांधायला मनाई, तिथं मोकळी जागा, बाग किंवा शेती असावी. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधकामावर नियंत्रण असतं. पण यातला ‘सरासरी’ हा शब्द फसवा आहे. एकदा पूर येऊन गेला म्हणजे पुढची चोवीस वर्षं निर्धास्त झोपावं, असा त्याचा अर्थ नाही. पंचवीस वर्षांच्या पुराची शक्यता दर पावसाळ्यात शंभरात चार इतकी असते. गेल्या वर्षी आला असला, तरी यंदाही तेवढीच.

तेव्हा निळ्या रेषेच्या आतली घरं आज ना उद्या हलवावी लागतील, हे मान्य करायला हवं. माझं म्हणणं एवढंच आहे की, हलवायची तर फळी अखंड हलवावी. एक घर या टोकाला आणि दुसरं त्या टोकाला, असं केलं तर पुरापासून माणूस वाचेल, पण त्याला वाचवणारा शेजार वाहून जाईल. ही काही कवीची कल्पना नव्हे. आपल्याच जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतली ३३ गावं सरदार सरोवरानं बाधित झाली. विस्थापितांना त्यांच्या पसंतीनुसार गाव, गावाचा भाग किंवा कुटुंब अशा घटकानं वसवावं, हे तत्त्व त्या प्रकल्पाच्या पुनर्वसन धोरणात लिहिलेलं आहे. धरणासाठी जे मान्य झालं, ते पुरासाठी का होऊ नये?

तोवर एक काम आपल्या हातात आहे. २०१८ चं पाणी कुठवर आलं होतं, ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांनी आपल्या भिंतीवर रंगानं खूण करावी आणि साल लिहावं. नव्यानं राहायला आलेल्या भाडेकरूला ती खूण दाखवावी आणि पाणी चढलं तर कुणाच्या गच्चीवर जायचं, हेही सांगून ठेवावं. नदी आपली वाट विसरत नाही. तिच्या शेजारी राहणाऱ्यांनीही ती विसरून चालणार नाही.