संगणकशास्त्र आणि धानाचा मुलूख

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा उर्वरित महाराष्ट्राला ठाऊक आहे तो धानाच्या गिरण्यांमुळे, तेंदूपानामुळे, नवेगावबांध आणि नागझिऱ्याच्या अरण्यांमुळे आणि मुंबई-हावडा लोहमार्गावरील एक मोठे जंक्शन म्हणून. या जिल्ह्यातील विज्ञान पदवीधरापुढे दरवर्षी निकालाबरोबरच एक प्रश्न येऊन उभा राहतो : संगणकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घ्यावी की मिळेल ती नोकरी धरावी? वरवर पाहता हा प्रश्न एका कुटुंबाचा आणि त्याच्या ऐपतीचा दिसतो. परंतु दोन वर्षांचा काळ आणि धानाच्या दोन-तीन हंगामांची मिळकत ज्या पदवीसाठी खर्ची पडते, त्या पदवीतून विद्यार्थ्याला आणि जिल्ह्याला नेमके काय मिळते, याचा विचार सार्वजनिक व्यासपीठावर होणे अगत्याचे आहे.

या शास्त्राचे भारतातील वय फार नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये उभा केला. कानपूरच्या आय.आय.टी.त १९६३ मध्ये आय.बी.एम. १६२० हे यंत्र आले आणि १९६५ मध्ये तेथेच प्रा. व्ही. राजारामन यांच्या पुढाकाराने या विषयाचे पद्धतशीर अध्यापन सुरू झाले. राजारामन यांनी स्वस्त किमतीची पाठ्यपुस्तके लिहिली आणि जेथे संगणक अद्याप दिसलेलाही नव्हता अशा गावांतील विद्यार्थ्यांपर्यंत हे शास्त्र त्या पुस्तकांनी नेले. महाराष्ट्रात १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाल्यानंतर तंत्रशिक्षणाचे दरवाजे जिल्ह्याजिल्ह्यांत उघडले. गोंदियात तर मनोहरभाई पटेल यांनी स्थापन केलेल्या गोंदिया शिक्षण संस्थेने महाविद्यालयीन शिक्षणाचा पाया त्याच्या कितीतरी आधी घातला होता. तात्पर्य, उच्च शिक्षण या मुलखाला अपरिचित नाही; प्रश्न आहे तो त्या शिक्षणाच्या खोलीचा.

टिकणारे आणि बदलणारे

संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. विज्ञान शाखेची एम.एस्सी. ही शास्त्राच्या सिद्धान्ताकडे झुकते, एम.सी.ए. व्यवसायाकडे पाहते आणि ती २०२०-२१ पासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, एम.टेक. प्रामुख्याने अभियंत्यांची मानली जाते. तथापि, ‘गेट’ ही परीक्षा विज्ञानाच्या पदवीधरालाही देता येते, आणि तीत यश मिळविणाऱ्या एम.एस्सी. वा एम.सी.ए. विद्यार्थ्याला अनेक नामांकित संस्थांत विद्यावेतनासह एम.टेक.चा मार्ग मोकळा होतो, ही गोष्ट ग्रामीण विद्यार्थ्याला पुष्कळदा फार उशिरा कळते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासाचीही सोय मान्य केली आहे.

मार्ग कोणताही असो, पालक आणि विद्यार्थी यांचा पहिला प्रश्न असतो, ‘यात कोणती भाषा शिकवतात?’ येथे भाषा म्हणजे संगणकाची भाषा. हा प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याचा रोख चुकलेला आहे. कानपूरच्या पहिल्या यंत्रावर विद्यार्थी फोरट्रान शिकले. पुढे कोबोलचा काळ आला. १९९५ नंतर जावाने बाजार व्यापला आणि आज पायथनचे राज्य आहे. याउलट, कोणते प्रश्न यंत्राला कधीच सोडविता येणार नाहीत हे ट्युरिंगने १९३६ मध्ये सिद्ध केले ते आजही तसेच सत्य आहे. डाइक्स्ट्राने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली सर्वांत जवळची वाट शोधण्याची रीत, कॉडने १९७० मध्ये मांडलेली माहितीच्या संग्रहाची रचना आणि कुकने १९७१ मध्ये दाखविलेली कठीण प्रश्नांची वर्गवारी यांवाचून आजचे पानही हलत नाही. पदव्युत्तर शिक्षण हे या टिकणाऱ्या भागासाठी असते. बदलणारा भाग विद्यार्थी स्वतः, किंबहुना नोकरीत गेल्यावर सहा महिन्यांतही, शिकू शकतो.

२०२२ च्या अखेरीपासून या भेदाला नवी धार आली आहे. साधी आज्ञावली लिहून देण्याचे काम आता कृत्रिम बुद्धिमत्ता करू लागली आहे. ज्याच्याजवळ केवळ आज्ञावली लिहिण्याचे कसब आहे, त्याचे मोल घटणार. लिहिलेले बरोबर आहे की नाही, ते कोठे फसेल आणि का फसेल, हे जो सांगू शकतो त्याचे मोल वाढणार. म्हणजे ज्या सैद्धान्तिक विषयांना ‘परीक्षेपुरते’ म्हणून बाजूस सारले जाते, तेच उद्या पोटाला लावणारे ठरण्याचा संभव अधिक.

अंतराचा प्रश्न

गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. शहरातील विद्यार्थ्याला हे अंतर फार नाही. परंतु देवरी, सालेकसा किंवा अर्जुनी मोरगावच्या आतील गावांतून निघणाऱ्या मुलीला आधी तालुका गाठावा लागतो, मग गोंदिया आणि मग नागपूर. शासनाने २०२४ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण सवलत दिली. हा निर्णय स्वागतार्हच होय. पण शुल्क माफ झाले तरी खोलीचे भाडे, खानावळ आणि घरच्यांची धास्ती ही माफ होत नाहीत. म्हणूनच जिल्ह्याच्या ठिकाणी मिळणारे पदव्युत्तर शिक्षण ही अनेक मुलींसाठी दुसरी निवड नसून एकमेव निवड असते. ते कमअस्सल असेल तर अन्याय त्यांच्यावरच होतो.

दर्जाचा पहिला आधार अर्थातच अध्यापक. परंतु अध्यापकांची उणीव काही अंशी भरून काढणारे साधनही उपलब्ध आहे. आय.आय.टी. आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने २००३ मध्ये आरंभिलेल्या ‘एनपीटेल’ उपक्रमातील व्याख्याने विनामूल्य ऐकता येतात, आणि २०१७ पासून ‘स्वयम्’ या व्यासपीठावरील अभ्यासक्रमांची श्रेयेही विद्यापीठांना ग्राह्य धरता येतात. मात्र झाडीबोली, पोवारी वा हिंदी घरात बोलणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी व्याख्यान एकट्याने पचत नाही. ते ऐकून झाल्यावर मराठीतून चर्चा घडविणारा, फळ्यावर उदाहरण सोडवून घेणारा शिक्षक समोर लागतोच.

प्रबंधाचा विषय कोठून यावा?

पदवीची खरी कसोटी शेवटच्या सत्रातील प्रकल्पात लागते. आज अनेक ठिकाणी हा प्रकल्प म्हणजे ग्रंथालयाची किंवा रुग्णालयाची नोंदवही संगणकावर चढविणे, आणि तोही शहरातील दुकानातून तयार विकत आणणे, असा उपचार झाला आहे. वास्तविक गोंदियासारखा विषयांनी समृद्ध जिल्हा शोधून सापडणार नाही.

कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिलेले मालगुजारी तलाव पाहावेत. वरच्या तलावाच्या सांडव्यातून निघालेले पाणी खालच्या तलावात आणि तेथून बांध्यांत, अशी त्यांची साखळी आहे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव शासनाकडे आले आणि पुढे पुष्कळ तलाव गाळाने भरत गेले. कोणता तलाव आधी खोल केला तर साखळीतील सर्वाधिक धान भिजेल, हा प्रश्न संगणकशास्त्रातील प्रवाहाच्या गणिताचाच प्रश्न आहे. फोर्ड आणि फल्कर्सन यांनी १९५६ मध्ये मांडलेले हे गणित मुळात रेल्वेच्या जाळ्यातून जास्तीत जास्त माल कसा न्यावा, या प्रश्नातून जन्मले. चार दिशांना लोहमार्ग फुटलेल्या गोंदियात ते शिकविण्यासाठी परदेशी उदाहरण शोधण्याची गरज पडू नये.

दुसरे उदाहरण गोंडीचे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ३० लाख लोकांची मातृभाषा असलेल्या या भाषेच्या मसराम लिपीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले. अक्षरांना स्थान मिळाले तरी शब्दसंग्रह, ध्वनिमुद्रणे आणि लेखन तपासणारी साधने घडविण्याचे काम बरेचसे बाकी आहे. माघ पौर्णिमेला कचारगडला अनेक राज्यांतून गोंड भाविक येतात. या भाषेचा जिवंत कोश सालेकसा तालुक्यात दरवर्षी आपल्या पायांनी चालत येतो. धानावरील तुडतुडे आणि करपा पानाच्या छायाचित्रावरून ओळखणे हाही असाच विषय. त्यासाठी लागणारी छायाचित्रे बांधीत उतरूनच घ्यावी लागतात, आणि त्या कामात गोंदियाचा विद्यार्थी पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याहून पुढेच असेल.

यावर आक्षेप येईल की, कंपन्या तलाव आणि गोंडी यांवर नोकऱ्या देत नाहीत. आक्षेप खोटा नाही. परंतु मुलाखतीला बसलेल्या अधिकाऱ्याला विकत घेतलेला प्रकल्प दोन प्रश्नांत ओळखता येतो, आणि स्वतः मोजलेल्या, चुकलेल्या व पुन्हा सुधारलेल्या कामाविषयी विद्यार्थी तासभर बोलू शकतो. नोकरी मिळविण्याचाही हाच अधिक खात्रीचा मार्ग आहे. पदवीनंतर येथील बरेच तरुण जिल्ह्याबाहेर जातील, हे गृहीत धरले तरी चालेल. पण जाण्यापूर्वी त्यांची दोन वर्षे येथील तलावांना, शेताला आणि भाषेला लागली, तर त्यांच्या मागे प्रबंध उरेल, मोजमापे उरतील आणि पुढच्या वर्गाला तेथून काम पुढे नेता येईल.

त्यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. पाटबंधारे, कृषी आणि आदिवासी विकास या खात्यांनी दरवर्षी आपले काही प्रश्न व त्यांची उपलब्ध आकडेवारी महाविद्यालयांना द्यावी, विद्यापीठाने अशा प्रकल्पांना गुणांकनात महत्त्व द्यावे आणि परीक्षकाने प्रत्यक्ष कामावर प्रश्न विचारावेत, एवढ्याने आरंभ होऊ शकेल. ज्या बापाने धान विकून मुलीला पदव्युत्तर वर्गात बसविले, त्याच्या पैशाच्या बदल्यात निव्वळ कागद देण्याचा अधिकार कोणत्याही शिक्षणव्यवस्थेला नाही.