आवाजाची पातळी सांगणारा टॅग

रिप्लेगेन हा संगीताच्या डिजिटल फाइलमध्ये लिहून ठेवायचा टॅग आहे. डेव्हिड रॉबिन्सन यांनी २००१ साली ही पद्धत मांडली. मूळ ध्वनीला तो हात लावत नाही. गायकाच्या नावासारखाच एक आकडा, समजा उणे ७.४० डेसिबल, फाइलमध्ये नोंदलेला असतो आणि प्लेअर तो वाचून वाजवताना आवाज तेवढा उतरवतो. आकडा ठरतो तो कानाला जाणवणाऱ्या मोठेपणावरून. ध्वनिलहरीच्या सर्वोच्च शिखराची नोंद वेगळी ठेवतात. आवाज चढवताना तो फाटू नये, यासाठी ती लागते.

टॅगचे दोन प्रकार का, हे मालवण-कुडाळकडच्या दशावताराच्या रेकॉर्डिंगवरून चांगले कळते. युद्धप्रसंगात मृदंग आणि झांज एकदम उसळतात. विलापात पेटीच्या सुरावर नट एकटाच, जवळजवळ पुटपुटत बोलतो. रात्रभराच्या नाटकाचे तुकडे पाडून प्रत्येकाला स्वतंत्र 'ट्रॅक गेन' लावला, तर विलापही युद्धाइतकाच मोठा होतो आणि नाट्यच मरते. 'अल्बम गेन' सगळ्या तुकड्यांना एकच आकडा लावतो, चढउतार शाबूत ठेवतो. दशावताराला तोच हवा. वेगवेगळ्या बुवांची डबलबारी भजने सरमिसळ ऐकायची असतील, तर मात्र ट्रॅक गेन सोयीचा.

पेन ड्राइव्हवर चालणारे साधे स्पीकर बहुधा हा टॅग वाचत नाहीत. तिथे एमपीथ्रीगेन हा प्रोग्रॅम कामी येतो. तो एमपीथ्री फाइलमध्येच १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी पातळी बदलतो, आणि हा बदल पुन्हा मागे घेता येतो.