खाऊची पुडी आणि रक्तातील लोह

चिखली तालुक्यातील पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही लहानपणीच्या खाऊबद्दल विचारा, यादी लवकर संपत नाही. आठवडी बाजारातून येणारे फुटाणे-मुरमुरे, खिशात कोंबलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, बांधावरची बोरे, मिठासोबत चोखलेली चिंच, नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्या, हरभऱ्याचा टहाळ आणि थंडीत गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला हुरडा. ‘तशी चव आता कशालाच नाही,’ हे वाक्य शेवटी ठरलेले.

या ओढीमागे मेंदूची रचना आहे. डोळे आणि कान यांचे संदेश आधी मेंदूतील थॅलॅमस या केंद्रातून जातात. वासाचा संदेश मात्र भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांकडे जवळजवळ थेट पोहोचतो. म्हणून हुरड्याचा वास आला की चाळीस वर्षांपूर्वीचे शेत डोळ्यांसमोर उभे राहते.

पण आठवण गोड आहे म्हणून पदार्थ आरोग्यदायी ठरत नाही. तो तपासून घ्यायला हवा, कारण प्रश्न आजच्या मुलांचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय, म्हणजेच ॲनिमिया आढळला. त्याआधीच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५३.८ टक्के होते. रक्तक्षय झालेले मूल लवकर थकते, त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही.

जुन्या पुडीत काय होते? शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आणि ४ मिलिग्रॅम लोह मिळते. तिळात भरपूर कॅल्शियम असते. अडचण एवढीच, की धान्य-कडधान्यांतील लोह शरीर कमी प्रमाणात शोषते. त्यातील फायटेट हे घटक लोह धरून ठेवतात. सोबत ‘क’ जीवनसत्त्व असेल तर शोषण वाढते. बोर, पेरू, आवळा यांत ते असते. संक्रांतीच्या सुगडात हरभऱ्याचे घाटे, तीळ आणि बोरे एकत्र येतात, ही जोडी पोषणाच्या दृष्टीनेही चांगली आहे. कडधान्य भिजवून मोड आणले की फायटेट कमी होतात. चहा मात्र उलटे काम करतो, म्हणून जेवणासोबत मुलांना चहा नको.

गुळाबद्दल मोठा गैरसमज आहे. त्यातील लोहाचे प्रमाण कमी-जास्त असते आणि त्यावर विसंबून रक्तक्षय बरा होत नाही. शरीराच्या हिशेबात गूळ ही मुख्यतः साखरच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सल्ल्यानुसार अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी, पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल तर अधिक चांगले. प्रौढांसाठी पाच टक्के म्हणजे सुमारे सहा चमचे, मुलांसाठी त्याहून कमी. पूर्वी गुळाचा खडा मिळे, आज बिस्किटे, शीतपेये आणि चॉकलेटमधून साखर दिवसभर पोटात जाते.

जुने सगळेच परत आणण्यासारखे नाही. कुठल्या पाण्याचा बर्फ आणि कुठला रंग हे माहीत नसलेला गोळा टाळलेलाच बरा. गुलाबी ‘म्हातारीच्या केसां’मध्ये रोडामाइन-बी हा कापडाचा रंग आढळल्याने तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यावर बंदी घातली. काळे पडलेले, बुरशी लागलेले शेंगदाणे फेकून द्यावेत. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असते आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकू शकतात. त्यांना बारीक कूट द्यावा.

आपल्या भागात सोयाबीन वाढले, तशी ज्वारी शेतातून आणि ताटातूनही मागे सरली. हुरडा आता सहलीचा पदार्थ झाला. त्याच वेळी पाच रुपयांचे मीठ-तेलाने भरलेले पाकीट बाराही महिने दुकानाच्या दारात लटकते. पूर्वीचा खाऊ ऋतूप्रमाणे मिळायचा, मूठभरच मिळायचा आणि चावून खावा लागायचा. त्याचा फायदा चवीइतकाच या सवयींतही होता.

डब्यात फुटाणे-शेंगदाणे आणि पेरूची फोड, संध्याकाळी ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, आठवड्यातून दोनदा मोडाची उसळ आणि त्यावर लिंबू. एवढे आजही जमते आणि पाकिटांपेक्षा फार महाग पडत नाही. मात्र मूल फिकट दिसत असेल, सतत थकत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. अंगणवाडीत आणि शाळेत मिळणारे लोहाचे औषध व जंतनाशक गोळी चुकवू नका. खाऊ रक्तक्षय टाळायला मदत करतो, झालेल्या रक्तक्षयावर उपचार डॉक्टरांकडूनच घ्यावेत.