इंग्लंडांतील प्राथमिक शाळेचा नाताळ

इंग्लंडांत डिसेंबरचा मध्य म्हणजे वर्षांतला सर्वांत काळोखाचा काळ. त्या दिवसांत लंडन शहरीं सूर्य सकाळीं आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारीं चार वाजण्यापूर्वींच मावळतो. उत्तरेकडील गांवांत तर दिवस याहूनही आखूड. प्राथमिक शाळा सव्वातीन-साडेतीनला सुटते, त्या वेळीं रस्त्यावरचे दिवे लागूं लागलेले असतात, फाटकापाशीं आईबाप गळपट्टे गुंडाळून उभे असतात, आणि मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई हातांतली वाटोळी पाटी उंच धरून मोटारी थांबवीत असते. या अंधाऱ्या पंधरवड्यांत शाळेच्या आंत मात्र वर्षांतली सर्वांत मोठी गडबड चाललेली असते.

सप्टेंबरच्या आरंभीं सुरू झालेलें सत्र डिसेंबरच्या वीस तारखेच्या मागेंपुढें संपतें. तिन्ही सत्रांत हें सामान्यतः सर्वांत लांब. ऑक्टोबरअखेरची आठवड्याची सुटी सोडली तर मध्यें विसांवा नाहीं. त्यामुळें शेवटीं शेवटीं गणित आणि शुद्धलेखन मागें सरतें व कात्री, गोंद आणि रंगीत कागद पुढें येतात. वर्गावर्गांतून कागदी साखळ्या लोंबूं लागतात. एखाद्या कोपऱ्यांत खोक्याला तांबडा कागद डकवून टपालपेटी तयार होते, आणि मोठ्या वर्गांतलीं मुलें टपालवाले होऊन शाळेंतल्या शाळेंत भेटकार्डांची वांटणी करतात. असलीं कार्डें छापून पाठविण्याची चाल १८४३ सालीं हेन्री कोल या लंडनच्या गृहस्थानें सुरू केली. शाळेंत तिचा व्यावहारिक उपयोग असा, कीं नुकतें लिहावयास शिकलेलें मूल तीस जणांचीं नांवें न कुरकुरतां लिहून काढतें.

नाताळ हा शब्द मराठीला पोर्तुगिजांकडून मिळाला. वसईच्या व गोव्याच्या ख्रिस्ती घरांतून गोठ्याचा देखावा मांडण्याची चाल आहे. त्यामुळें गव्हाणींतलें बाळ, मेंढपाळ आणि तारा हीं चित्रें मराठी माणसास अपरिचित नाहींत. परंतु इकडे तो सण घराचा व चर्चचा आहे. इंग्लंडांत तो सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळेचाही आहे, आणि हें कसें झालें तें थोडें समजावून घ्यावें लागतें. तिकडील प्राथमिक शिक्षणाचा पाया बऱ्याच अंशीं चर्चनें घातला. १८११ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल सोसायटीनें गरिबांच्या मुलांसाठीं ठिकठिकाणीं शाळा काढल्या. सार्वजनिक पैशानें नव्या शाळा उघडण्याची व्यवस्था झाली ती १८७० च्या कायद्यानें, म्हणजे साठ वर्षांनीं. आजही इंग्लंडांतील सुमारें एकचतुर्थांश प्राथमिक शाळा चर्च ऑफ इंग्लंडच्या आहेत व त्यांचा खर्च मुख्यतः सरकार सोसतें. १९४४ च्या कायद्यानें रोजची सामुदायिक उपासना आवश्यक केली. ज्या शाळा कोणत्याच पंथाच्या नाहींत, त्यांतही ती मुख्यतः ख्रिस्ती वळणाची असावी असें १९८८ च्या कायद्यानें ठरविलें. तिच्यांतून आपलें मूल वगळून घेण्याचा हक्क आईबापांस दिलेला आहे. ख्रिस्तजन्माचें नाटक करावें असें मात्र कोणताही कायदा सांगत नाहीं. तें चालतें तें निव्वळ रूढीनें, आणि सत्राच्या अखेरीस शाळेंत जें जें होतें त्या सर्वांचें केंद्र तेंच असतें.

या नाटकाचें मूळ इटलींत शोधतात. १२२३ सालीं असिसीच्या संत फ्रान्सिसनें ग्रेच्चो नांवाच्या खेड्यांत नाताळच्या रात्रीं गव्हाण मांडविली, गवत पसरविलें, बैल व गाढव आणवून उभें केलें. येशूच्या जन्मवेळचें दारिद्र्य लोकांना प्रत्यक्ष डोळ्यांनीं दिसावें हा त्याचा उद्देश. शाळेंतला खेळ हा त्याचाच दूरचा वंशज होय. कथा सर्वांना ठाऊक: मरीया आणि योसेफ बेथलेहेमास येतात, उतारशाळेंत त्यांना जागा मिळत नाहीं, गोठ्यांत बाळ जन्मतें, रानांतल्या मेंढपाळांना देवदूत वार्ता सांगतो, आणि पूर्वेकडील ज्ञानी पुरुष, ज्यांना मराठी बायबलांत मागी म्हटलें आहे, ते ताऱ्याच्या मागोमाग नजराणे घेऊन येतात. थोड्या वेळाचा हा खेळ बहुधा चार ते सात वर्षांचीं मुलें करतात.

आतां शिक्षिकेपुढची अडचण पहावी. पांच ते सात वर्षांच्या मुलांच्या एका वर्गांत तिसांहून अधिक मुलें नसावीं असा तिकडे नियम आहे. म्हणजे दोन वर्ग एकत्र केले कीं साठ मुलें झालीं. कथेंत नांवाचीं पात्रें जेमतेम आठ-दहा. उरलेल्या पन्नासांचें काय करावयाचें? येथें इंग्रजी शाळेनें जो मार्ग काढला आहे तो मोठा मजेदार आणि, विचार केला असतां, मोठा उदार आहे. ती मुलें कमी करीत नाहीं, कथाच वाढविते. मत्तय व लूक यांनीं सांगितलेल्या जन्मकथेंत उंट आलेला नाहीं, मरीयेचें गाढव नाहीं, उतारशाळेच्या मालकाचा उल्लेख नाहीं, इतकेंच काय, मागी किती होते तेंही लिहिलेलें नाहीं. यांतलें बरेंचसें जुन्या परंपरेनें पुरविलें आणि पुढचें शाळांनीं. पटावर मुलें अधिक असलीं कीं मेंढरें वाढतात, तारे वाढतात, उतारशाळेचे मालक एकाचे तीन होतात. तेंही पुरलें नाहीं तर बर्फाचीं माणसें येतात, गोठ्यांतले उंदीर येतात. बेथलेहेमांत बर्फाचा माणूस कोठून आला असें तेथें कोणी विचारीत नाहीं.

पात्रांची वांटणी हें खरें कसबाचें काम. ज्यांना स्पष्ट वाचतां येतें तीं मुलें निवेदक होतात. ज्याला चार माणसांत तोंड उघडवत नाहीं त्याच्या हातांत काठीला बांधलेला तारा देतात. त्यानें फक्त चालावयाचें, पण तो चालल्याशिवाय मागी हलत नाहींत. दुसऱ्या देशांतून महिन्यापूर्वीं आलेली, अजून इंग्रजी न समजणारी मुलगी मेंढरूं होते व शेजारच्या मेंढराकडे पाहून उठते-बसते. मरीया कोणी व्हावें यावरून आयांमध्यें रुसवेफुगवे होतात, तेव्हां एखादी शिक्षिका सरळ चिठ्ठ्या टाकून मोकळी होते. महाराष्ट्रांतील शाळांचें स्नेहसंमेलन याच दिवसांत येतें. त्यांत पुष्कळदां नाचगाण्यांत हुशार अशीं पंधरा-वीस मुलें रंगमंचावर असतात आणि बाकीचीं सतरंजीवर बसून टाळ्या वाजवितात. कार्यक्रम त्यानें देखणा होतो यांत शंका नाहीं. इंग्रजी शाळेंतला खेळ तितका देखणा कधींच होत नाहीं. पण तेथें सतरंजीवर कोणी उरत नाहीं, आणि दोहोंपैकीं अनुकरणीय कोणतें याविषयीं मतभेद होण्याचें कारण दिसत नाहीं.

वेषभूषेला खर्च फारसा नसतो. ताटें पुसण्याचा पंचा डोक्यावर टाकून वर दोरी बांधली कीं मेंढपाळ झाला. अंगांत घरीं निजतांना घालावयाचा झगा. देवदूताचे पंख पुठ्ठ्याचे, मागींचे मुकुट सोनेरी कागदाचे, आणि बाळ म्हणजे कोणाची तरी बाहुली. ज्या दालनांत सकाळीं कवायत झाली आणि दुपारीं मुलें जेवलीं, त्याच दालनांत टेबलें घडी करून भिंतीशीं लावतात व खुर्च्या मांडतात. पहिल्या रांगेपुढें शिक्षिका जमिनीवर बसते आणि प्रत्येक पात्राचा प्रत्येक शब्द ओंठांनीं, आवाज न काढतां, म्हणत राहते. तरीही योसेफ विसरतोच. एखादें मेंढरूं पेंगतें. एखादा देवदूत स्वर्गीय वार्ता अर्धवट टाकून आईला हात हलवून दाखवितो. प्रेक्षक हंसतात, आज्या डोळे टिपतात. पुष्कळ आईबाप भ्रमणध्वनि उंच धरून चित्रें टिपीत राहतात व त्यामुळें मागच्या रांगेस कांहीं दिसत नाहीं. इतरांच्या मुलांचीं चित्रें जगजाहीर करूं नयेत अशी विनंती शाळेस आतां आधीं करावी लागते.

नोकरी करणाऱ्या आईबापांची सोय व्हावी म्हणून हा खेळ बहुधा दोनदां होतो, एकदां दुपारीं व एकदां सायंकाळीं. तरी कोणाकोणाचें कोणीच येत नाहीं. जाणती शाळा हें आधींच हेरून ठेवते. मग जेवण वाढणारी बाई किंवा वर्गांतली मदतनीस त्या मुलाला दिसेल अशा खुर्चीवर येऊन बसते. कार्यक्रमपत्रिकेंत तिचें नांव कोठेंही नसतें.

मोठ्या वर्गांचीं मुलें नाटकाऐवजीं गातात. नाताळच्या या गाण्यांना तिकडे कॅरोल म्हणतात. नऊ धर्मपाठ आणि मधूनमधून गाणीं अशी जी उपासना आज प्रसिद्ध आहे, ती १८८० सालीं ट्रुरो येथें बिशप बेन्सन यांनीं योजिली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांत ती १९१८ पासून होते आणि १९२८ सालीं ती प्रथम नभोवाणीवरून ऐकविण्यांत आली. तेव्हांपासून एका १९३० सालाचा अपवाद वगळतां ती दर वर्षीं ध्वनिक्षेपित होत आली आहे. शाळेचें गाणें त्या तोलाचें नसतें हें सांगणें नको. तीच मुलें गांवांतल्या वृद्धाश्रमांतही जाऊन गातात. तेथें इतर कांहीं न आठवणारीं म्हातारीं माणसें लहानपणीं शाळेंत पाठ झालेलीं हीं गाणीं त्यांच्याबरोबर म्हणूं लागतात, आणि मुलें प्रथम चकित होऊन त्यांच्याकडे पाहत राहतात.

कांहीं शाळांतून ख्रिस्तिंगल नांवाचा विधि होतो. संत्र्याभोंवतीं तांबडी फीत बांधतात, वर मेणबत्ती खोंचतात व चार काड्यांवर मनुका किंवा मिठाई टोंचतात. संत्रें म्हणजे जग, फीत म्हणजे ख्रिस्ताचें रक्त, मेणबत्ती म्हणजे त्याचा प्रकाश. या विधीचें मूळ मोरेव्हियन पंथांत, १७४७ सालच्या जर्मनींत आहे. चर्च ऑफ इंग्लंडनें ती १९६८ पासून उचलली. मिठाई घरीं पोंचेपर्यंत टिकत नाहीं.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यांत एके दिवशीं सर्व शाळा एकत्र जेवते. भाजलेला टर्की पक्षी, बटाटे, आणि ब्रुसेल्स स्प्राउट नांवाची चिमुकली कोबी, जी बहुतेक मुलें ताटाच्या कडेस सारून ठेवतात. प्रत्येकापाशीं एक क्रॅकर: दोघांनीं दोन टोकांनीं ओढली कीं फट्कन फुटणारी कागदी नळी, जिच्यांत कागदी मुकुट व एक फुसका विनोद निघतो. १८४० नंतरच्या दशकांत लंडनच्या टॉम स्मिथ या मिठाईवाल्यानें ती काढली. त्या दिवशीं शिक्षक मुकुट घालून वाढतात व मुलें बसून खातात. शाळेंतल्या जेवणाची कथा मात्र हंसण्याची नाहीं. उपाशी मूल शिकूं शकत नाहीं हें ओळखून १९०६ च्या कायद्यानें स्थानिक मंडळांना मुलांस जेवूं घालण्याची मुभा दिली. १९४४ त तें त्यांचें कर्तव्य ठरलें. आणि २०१४ च्या सप्टेंबरपासून इंग्लंडांतील सरकारी शाळांच्या पहिल्या तीन इयत्तांतील सर्व मुलांना दुपारचें जेवण विनामूल्य मिळूं लागलें.

या सर्व आनंदास एक दुसरी बाजू आहे. पालक-शिक्षक संघ नाताळची जत्रा भरवितो. घरीं केलेले केक, सोडतीचीं तिकिटें, लाल झग्यांतला नाताळबाबा. जमलेल्या पैशांतून पुस्तकें व खेळाचीं साधनें येतात. २०१२ सालीं सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेनें नाताळचीं चित्रें असलेला लोकरी स्वेटर घालून येण्याचा व धर्मादाय देणगी देण्याचा दिवस सुरू केला, तोही शाळांतून रुजला. हेतु चांगला, पण जत्रेचीं नाणीं, सहलीचे पैसे आणि एका दिवसापुरता स्वेटर, हें सर्व एकाच महिन्यांत तीन मुलांसाठीं जमविणाऱ्या आईस तो भार होतो. समंजस शाळा जुने स्वेटर अदलाबदलीस मांडतात, किंवा अंगांतल्या कपड्यावर कागदी चांदणी लावली तरी चालेल असें आधींच कळवितात. जेथें हें करीत नाहींत, तेथें त्या दिवशीं कांहीं मुलें आजारी पडतात.

परधर्मीय मुलांचा प्रश्नही येतोच. लेस्टरसारख्या शहरांत वर्गांतील बहुतेक मुलें हिंदु, मुसलमान वा शीख असूं शकतात. तेथें दिवाळी याच सत्रांत येते व बेलग्रेव्ह रस्त्यावर तिची रोषणाई होते. मग नाताळ हा सत्रांतला पहिला दीपोत्सव राहत नाहीं. मराठी कुटुंबेंही तिकडे जुनीं आहेत. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३२ सालची. ऑक्टोबर-नोव्हेंबरांत वर्गांत येऊन पणती कशी लावतात तें दाखविणारी आई डिसेंबरांत त्याच दालनांत आपल्या मुलाला मेंढपाळ झालेला पाहते. कांहीं पालकांना हें रुचत नाहीं व ते मुलास वगळून घेतात. तो त्यांचा हक्क आहे, आणि त्या वेळांत त्या मुलाला ग्रंथालयांत काय काम द्यावें याचा विचार चांगली शाळा आधीं करून ठेवते. अमुक घरचें मूल काय करील हें घरच्यांना विचारूनच ठरवावें, अंदाजानें ठरवूं नये, एवढें पथ्य शिक्षकांनीं पाळलें तर कुरबुर होत नाहीं.

२०२० च्या डिसेंबरांत महामारीमुळें दालनांत प्रेक्षक बसविणें शक्य नव्हतें. अनेक शाळांनीं रिकाम्या खुर्च्यांपुढें नाटकाचें चलच्चित्र घेतलें व तें घरोघर पाठविलें. त्याच हिंवाळ्यांत दुसरी एक गोष्ट उघड्यावर आली. शाळा बंद झाली कीं शाळेंतलें जेवणही बंद होतें, आणि नाताळची दोन आठवड्यांची सुटी कित्येक घरांत उणीवेची असते. मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूनें, जो स्वतः लहानपणीं शाळेच्या मोफत जेवणावर वाढला होता, हा विषय लावून धरला. नोव्हेंबर २०२० मध्यें सरकारनें गरजू कुटुंबांसाठीं १७ कोटी पौंडांची हिंवाळी मदत जाहीर केली, आणि २०२१ पासून मोफत जेवण मिळणाऱ्या मुलांकरितां ईस्टर, उन्हाळा व नाताळ या सुट्यांत खेळ आणि अन्न पुरविण्याची योजना इंग्लंडभर सुरू झाली.

शेवटच्या दिवशीं मुलें आपापले खण रिकामे करतात. भिंतीवरच्या साखळ्या निघतात, कोणाचा हातमोजा सांपडतो, कोणाचा नाहीं. दुपारीं फाटकापाशीं आईबापांच्या हातांत ओलसर रंगांचीं चित्रें, चमकी गळणारीं कार्डें आणि पुठ्ठ्याचे पंख येऊन पडतात. कांहीं मुलें धांवत बाहेर जातात. एक-दोन मात्र काढतां येईल तितका वेळ काढीत शिक्षिकेच्या टेबलाशीं घोंटाळतात, आणि ती त्यांना टांचण्या वेंचावयास लावते. मग रखवालदार मेंढपाळांचे पंचे, मुकुट व काठीचा तारा खोक्यांत भरून माळ्यावर ठेवतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत शाळा पुन्हां भरते, आणि त्या दालनांत सकाळची कवायत सुरू होते.