पाच सेकंदांची गंगाजळी

२७ डिसेंबर १९९१. स्टॉकहोमच्या आर्लांडा विमानतळावरून स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे एमडी-८१ विमान सकाळी उडाले. रात्रभर ते गारठ्यात उभे होते. टाक्यांतल्या थंडगार इंधनामुळे पंखांवर काचेसारखा पारदर्शक बर्फ धरला होता. उड्डाणापूर्वी पंखांवरचा बर्फ काढला गेला, पण हा नजरेतून सुटला. विमान उचलताना तो निखळला आणि शेपटीजवळच्या दोन्ही इंजिनांनी गिळला. पंचवीसेक सेकंदांत उजव्या इंजिनातून बार ऐकू येऊ लागले. कॅप्टन स्टेफान रासमुसेन यांनी इंजिनाचा जोर कमी केला. पण एक स्वयंचलित यंत्रणा तो परत वाढवत राहिली. ती विमानात आहे याची वैमानिकांना कल्पनाच देण्यात आलेली नव्हती. दीड मिनिटाच्या आत दोन्ही इंजिने बंद पडली. गोत्रोरा गावाजवळच्या शेतात विमान उतरले, त्याचे तीन तुकडे झाले आणि आतले १२९ जण वाचले.

ते बार कसले होते? जेट इंजिनाच्या पुढच्या भागात कॉम्प्रेसर असतो. हवा स्वभावतः जास्त दाबाकडून कमी दाबाकडे धावते. कॉम्प्रेसर तिला उलट, चढावर ढकलतो, आणि आधुनिक इंजिनात तिचा दाब चाळीस पटींपर्यंत नेतो. त्याचे प्रत्येक पाते हा विमानाचा एक चिमुकला पंखच. हवा पात्यावर फार तिरकी आली की पात्याला धरून राहत नाही, सुटते. हा 'स्टॉल'. तो पसरला की मागे कोंडलेली हवा पुढच्या दिशेने उसळते आणि तोफ डागल्यासारखा आवाज होतो. याला 'सर्ज' म्हणतात.

हे टाळण्यासाठी इंजिनिअर कॉम्प्रेसरला कड्याच्या टोकापासून थोडे अलीकडेच चालवतात. या अंतराचे नाव 'सर्ज मार्जिन'. मार्जिन हा शब्द वाचला आणि माझ्यातला जुना बँकवाला जागा झाला. ठेवीदारांची झुंबड उडते तेव्हा बँकेतही प्रवाह असाच उलटा फिरतो. त्यासाठीच तर गंगाजळी! १९९०च्या सुमारास एसएलआर ३८.५ टक्के आणि सीआरआर १५ टक्के होता. ठेवीच्या शंभर रुपयांतले साडेत्रेपन्न रुपये अडकलेले. कर्जे द्यायची ती उरलेल्यातून. आम्ही कुरकुरत होतो. इंजिनिअरांची कुरकुर तशीच आहे.

त्यांना ही गंगाजळी मुख्यतः काही सेकंदांसाठी लागते. विमान उतरता उतरता धावपट्टीवर अडथळा दिसला, की वैमानिक जोर एकदम वाढवतो. अमेरिकी नियमानुसार इंजिनाने किमान जोरापासून ९५ टक्के जोरापर्यंत ५ सेकंदांत पोहोचले पाहिजे. इंधन क्षणात वाढते, पण जड फिरता दांडा क्षणात वेग घेत नाही. तापलेला वायू पुढची वाट अडवतो, मागचा दाब वाढतो आणि कॉम्प्रेसर कड्याकडे सरकतो. म्हणून इंधन मोजून-मापून सोडायचे, झडपा उघडून कमावलेली हवा फेकून द्यायची, स्थिर पात्यांचा कोन बदलायचा. हा शेवटचा उपाय १९५०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या जे-७९ इंजिनाने गाजवला. सगळे उपाय लागू पडतात, पण प्रत्येकाची किंमत वजनात किंवा इंधनात मोजावी लागते.

आता विजेची जोड आली आहे. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे नासाचे ग्लेन संशोधन केंद्र आहे. तिथल्या संशोधकांची कल्पना साधी आहे: इंजिनाच्या दांड्यांना मोटर-जनरेटर जोडायचे. जोर वाढवताना बॅटरी काही सेकंद दांडा फिरवायला हात देते, त्यामुळे इंधनाचा एकदम भडिमार करावा लागत नाही. जोर कमी करताना उलटा पेच पडतो. पुढचा जड दांडा लवकर मंदावत नाही आणि मागच्या भागाला पेलणार नाही इतकी हवा रेटत राहतो. तेव्हा जनरेटर त्याच्याकडून शक्ती काढून घेतो. किलोमागे बॅटरीत सुमारे २५० वॉट-तास मावतात, विमानाच्या इंधनात सुमारे १२,०००. नुसत्या बॅटरीवर मोठे विमान समुद्र ओलांडणार नाही. पण काही सेकंदांचे हातउसने तिला सहज परवडते.

हातउसने मिळते, मग गंगाजळी कमी करा आणि कॉम्प्रेसर हलका करा, हा यापुढचा मोह. मला इथे थांबावेसे वाटते. उसने देणारा नेमक्या त्या क्षणी घरी असला पाहिजे. बॅटरी गारठली असेल, मोटरचे नियंत्रण बिघडले असेल, तर? शिवाय मार्जिन केवळ जोर वाढवण्यासाठी नसते. झिजलेली पाती, आडवा वारा, पक्षी, बर्फ यांच्यासाठीही ते असते. गोत्रोराच्या विमानाची पातीच मोडली होती. तिथे मोटरने काही साधले नसते. उलट, न सांगता काम करणाऱ्या यंत्रणेने घात केला.

सीआरआर २०२५च्या अखेरीस ३ टक्क्यांवर आला. रिझर्व्ह बँकेने दरम्यान रोजच्या उसनवारीची पक्की व्यवस्था उभी केली, म्हणून हे शक्य झाले. तरीही तो शून्यावर आणलेला नाही. इंजिनातही याच वाटेने जावे. ज्या संकटाचे गणित मांडता येते, त्याच्यापुरती उसनवारी करावी. जे सांगून येत नाही, त्याच्यासाठी शिल्लक राखावी. आणि खात्यातून कोण, केव्हा, किती काढतो आहे, हे विमान हाकणाऱ्याला ठाऊक असावे. त्याच्या पाठीमागे बसलेल्या माणसांची ठेव त्याच्याच भरवशावर असते.