फुफ्फुसाची गोष्ट : सुट्टीनंतरचा पहिला दिवस

या आठवड्यात फुफ्फुसाच्या म्हातारपणाकडे वळायचं ठरलं होतं. तो विषय आता पुढच्या खेपेला, कारण पांढरकवड्याकडून आलेलं एक पत्र बाजूला ठेववत नाही. पत्र लिहिणाऱ्या ताईंचे यजमान दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला असतात. सुट्टीच्या दिवशी ठणठणीत. दुसऱ्या दिवशी कामावर गेले की दुपारनंतर छाती आवळल्यासारखी होते, खोकला सुटतो. मग आठवडा सरेल तसा त्रास ओसरतो. ताई विचारतात, काम रोजचंच, धूळही रोजचीच, मग त्रास पहिल्याच दिवशी का? आणि काम सोडलं तर छाती पूर्ववत होईल का?

पहिल्या प्रश्नात रोगाची सगळी ओळख आली आहे. कामाच्या जागी जडलेला दमा बहुधा आठवडाभर चढत जातो आणि सुट्टीत उतरतो. इथला क्रम नेमका उलटा, आणि असा क्रम दिसला की डॉक्टरांना बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीनं होणाऱ्या छातीच्या आजाराची, शंका यायला हवी. जवस आणि हेम्पसारखे धागे विंचरणाऱ्यांच्या खोकल्याबद्दल इटलीच्या रामाझिनींनी 1700 सालीच लिहून ठेवलं होतं. पण रोगाच्या पायऱ्या आखल्या त्या रिचर्ड शिलिंग यांनी, 1950 च्या दशकात, लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये. त्यांचा भर कामगाराला सोमवारी, म्हणजे सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, काय होतं हे विचारण्यावर होता. अधूनमधून एखाद्या सोमवारी छाती आवळते ती अर्धी पायरी. दर सोमवारी आवळते ती पहिली. बाकीच्या दिवशीही आवळायला लागली की दुसरी, आणि कायमचा दम बसला की तिसरी.

दोष कापसाच्या धाग्याचा नाही. बोंडाला खालून कवळून असलेली पानं वाळतात, वेचणीत कापसाबरोबर येतात आणि यंत्रात त्यांचा चुरा होतो. या पानांवर जिवाणू वाढलेले असतात. ते मेले तरी त्यांच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन नावाचं द्रव्य धुळीत शिल्लक राहतं. 1987 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत फार देखणा आहे. स्वयंसेवकांना निरनिराळ्या कापसाच्या धुळीत बसवून, आधी आणि नंतर त्यांचा श्वास मोजला. पहिल्या सेकंदात जोरानं बाहेर पडणारी हवा किती घटली याचा मेळ धुळीच्या वजनाशी बसला नाही, एंडोटॉक्सिनच्या प्रमाणाशी बसला. म्हणजे डोळ्यांना सारखाच दिसणारा धुरळा एका गाडीतल्या कापसाचा सौम्य आणि दुसऱ्या गाडीतल्याचा जहाल असू शकतो. परतीच्या पावसात भिजलेला, पालापाचोळा मिसळलेला कापूस म्हणून जास्त जपून हाताळावा.

आणि तो उलटा क्रम? एंडोटॉक्सिन आत गेलं की श्वासनळ्यांतल्या पहारेकरी पेशी हाकाटी करतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, नळ्या आकसतात. रोज तेच होऊ लागलं की पहारेकरी सरावतात आणि हाकाटी मंदावते. सुट्टीत हा सराव मोडतो. पहिल्या दिवशी पुन्हा तीच धावपळ. शनिवारी बरं वाटतं ते असं. धूळ मात्र शनिवारीही तेवढीच आत जात असते.

वणी, राळेगाव, घाटंजी, दारव्हा, पांढरकवडा, कुठेही हंगामात जिनिंगच्या आवारात गेलं की गाडी रिकामी करणारे, रेच्यांना, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांना, कापूस पुरवणारे आणि केरकचरा उचलणाऱ्या रेजा या धुळीत सर्वांत जास्त वावरताना दिसतात. आपल्याकडे या रोगाचा अभ्यास प्रामुख्यानं गिरण्यांत झाला. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणी कामगारांच्या छात्या तपासल्या. यवतमाळचा कापूस शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूरला आणि तिथून मुंबईकडे जायचा. कापसाच्या प्रवासातली पहिली धूळ ज्यांच्या नाकातोंडात जाते, त्या हंगामी माणसांची हंगामाआधी आणि हंगामानंतर तपासणी व्हायलाच हवी. कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत कापसाच्या धुळीनं होणारा हा आजार आहे. पण कधी तपासलंच नसेल तर भरपाई मागायची कशाच्या आधारावर?

आता ताईंचा दुसरा प्रश्न, दुरुस्तीचा. गेल्या आठवड्यात वायुकोशांची दुरुस्ती करणाऱ्या, तिथल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी पाहिल्या. इथे दुखापत प्रामुख्यानं नळ्यांना होते, आणि नळ्यांचं अस्तर पुन्हा विणणाऱ्या पेशी निराळ्या. त्या अस्तराच्या तळाशी असतात. दगडाच्या धुळीच्या सिलिकोसिसमध्ये फुफ्फुसात व्रणाच्या गाठी बसतात, तशा इथे बसत नाहीत. म्हणून आशेला जागा आहे, आणि त्या आशेला मोजमापाचा आधारही आहे. शांघायमध्ये 1981 साली हार्वर्डचे डेव्हिड क्रिस्तियानी आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी 447 कापूस-कामगार आणि तुलनेला रेशीम गिरण्यांतले 472 कामगार घेतले. त्यांचा माग पुढे पंचवीस वर्षांहून जास्त काळ ठेवला. कामावर असेतो कापसाच्या कामगारांचा श्वास रेशीमवाल्यांपेक्षा वेगानं घटत राहिला. काम सुटल्यावर ही घट मंदावली आणि गमावलेलं काही अंशी भरूनही आलं. सगळं मात्र आलं नाही, आणि जे आलं त्याला वर्षं लागली.

तेव्हा यजमान पहिल्या पायरीवर असतील, तर हीच वेळ हाताशी धरण्याची. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, कामाला लागण्याआधी एकदा आणि पाळी संपल्यावर एकदा फुंकणीची चाचणी (स्पायरोमेट्री) करून घ्यावी. आठवड्याच्या मधल्याच एखाद्या दिवशी केली तर आकडे फसवे येऊ शकतात. डॉक्टरांना नुसता खोकला सांगू नये, जिनिंगमध्ये नेमकं कुठलं काम करतात आणि कोणत्या वारी त्रास होतो हेही सांगावं. बिडी ओढत असतील तर ती आजच बंद. तोंडाला बांधलेल्या दुपट्ट्यातून बारीक धूळ सहज आत जाते, त्याच्यावर विसंबू नये. धूळ ओढून घेणारे पंखे आणि शक्य असेल तिथे धुळीपासून दूरचं काम, हे मालकाकडे मागावं.

शांघायच्या आकड्यांत एक अडचण होती. निरोगी माणसाचा श्वासही तिशीनंतर दरवर्षी साधारण 25 ते 30 मिलिलिटरनं घटतो. मग धुळीनं नेलेलं किती आणि वयानं नेलेलं किती, हे वेगळं कसं काढायचं? रेशीम कामगार तुलनेला घेतले ते त्यासाठीच. राहिलेलं म्हातारपण पुढच्या आठवड्यात याच आकड्यापासून सुरू करू.