संगणकातील जुने फॉण्ट आणि पाली मजकूर

पाली भाषेला स्वतःची अशी एकच लिपी नाही. सिंहली, बर्मी, थाई, देवनागरी, रोमन अशा अनेक लिप्यांत तिचे वाङ्मय लिहिले गेले. लिपी बदलली तरी शब्द तोच राहिला. संगणकावर मात्र अनेकदा उलट अनुभव येतो. १९९० च्या दशकात अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अक्षरजुळणी झालेल्या स्मरणिकेची किंवा वंदनापाठाच्या पुस्तिकेची फाईल आज उघडली, तर देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ दिसू शकते. मजकूर नष्ट झाला, असे समजून ती पुसून टाकली, तर कदाचित त्या लेखनाची एकमेव प्रत कायमची जाते. म्हणून या दोषाचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणक अक्षराचा आकार नव्हे, तर क्रमांक साठवितो. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉण्टांत देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरे व चिन्हे यांच्या क्रमांकांवर बसविलेले होते. कृतिदेवमध्ये ‘क’ हा इंग्रजी लहान ‘डी’च्या १०० या क्रमांकावर आहे, तो फॉण्ट संगणकात नसल्यास ‘क’च्या जागी ‘डी’ दिसणारच. शिवाय प्रत्येक फॉण्टची मांडणी निराळी. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीला स्वतंत्र क्रमांक दिले. तेथे ‘क’चा क्रमांक २३२५ असून फॉण्ट बदलला तरी तो बदलत नाही.

दोषाचे स्वरूप लक्षणांवरून ओळखावे. इंग्रजी अक्षरांची माळ दिसल्यास मूळ फॉण्टचा अभाव आहे. रिकाम्या चौकटी दिसल्यास वापरलेल्या फॉण्टमध्ये त्या अक्षराचा आकार नाही. ठिपक्यांचे वर्तुळ दिसल्यास काना किंवा वेलांटी आपल्या व्यंजनापासून तुटली आहे. सर्वत्र प्रश्नचिन्हेच साठविली गेली असतील, तर मूळ क्रमांकच लोपले आहेत. तेव्हा आधीची प्रत शोधणे हाच मार्ग उरतो.

उपाय करण्यापूर्वी फाईलीची एक प्रत वेगळी ठेवावी. मजकूर निवडल्यावर फॉण्टच्या रकान्यात बहुधा मूळ फॉण्टचे नाव दिसते. तो फॉण्ट संगणकात बसविला की मजकूर वाचता येतो. तेवढ्याने काम संपत नाही. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले. जुन्या फाईलीत ‘अहमदनगर’ हा शब्द युनिकोडमध्ये टंकून शोधला, तर समोर दिसत असूनही तो सापडणार नाही. केवळ ‘मंगल’ हा फॉण्ट निवडूनही क्रमांक बदलत नाहीत. त्यासाठी त्या विशिष्ट फॉण्टकरिता तयार केलेल्या परिवर्तकानेच मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो.

यानंतर मुद्रितशोधन अपरिहार्य आहे. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी साठविली जाते, युनिकोडमध्ये नंतर. हा क्रम चुकला की ‘चित्त’ हा शब्दच मोडतो. ‘पञ्ञा’मधील ‘ञ्ञ’, ‘दिट्ठि’मधील ‘ट्ठ’ ही पालीतील नित्याची जोडाक्षरे विशेष तपासावीत. एक अनुस्वार गळाला, तर ‘बुद्धं’चे ‘बुद्ध’ होते आणि द्वितीयेचे रूप संबोधनाचे ठरते. असा दोष डोळ्यांना खटकत नाही, म्हणूनच तो अधिक घातक. यास्तव छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी, आणि तोवर जुनी फाईल पुसू नये.